हवेचं वजन

उणे बावीस. शेडमधला हीटर
भुंकतोय नुसता. पान्याला उघडा हात लागला
की कातडी तिथेच राहते.
अठ्ठ्याऐंशी सालचा फोर्ड, निळा, एक दार पांढरं.
ओरेस्टनं अलास्काला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात
याचा कॅमशाफ्ट बदलला,
जास्त उघडणारा, जास्त गिळणारा बसवला,
आणि कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलंच नाही.

तो बिचारा डाव्या पायाच्या कोपऱ्यात, पत्र्याआड.
त्याच्यापाशी एकच जुना तक्ता:
इंजिनाचे फेरे इतके, पोकळी इतकी,
म्हणजे हवा इतकी असणार.
असणार.
अंदाजपंचे दाहोदरसे,
आणि त्या हिशेबानं पेट्रोल.
सहा वर्षं, बेलफील्डच्या एकुलत्या एका सिग्नलला
हा ट्रक धापा टाकत उभा,
काटा खाली, काटा वर,
मागच्या गाड्यांना पेट्रोलचा वास.

मायरनकाका म्हणाले, कार्ब्युरेटर ठोक आणि मोकळी हो.
मी म्हटलं, काका, तुम्ही एलेव्हेटरवर
गहू डोळ्यांनी मोजून देता का?
ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी
कढईएवढा कॉफीचा थर्मास घेऊन आले
आणि टॉर्च धरून उभे राहिले.

नवा सेन्सर म्हणजे काय, तर नळीत ताणलेली
केसाएवढी तार, तापवलेली.
वारा येतो, तिला गार करतो.
ती गार व्हायला तयार नाही.
तिला तापलेली ठेवायला जितकी वीज लागते
तितकी हवा आत गेली.
एवढंच. झोंबलं किती, त्यावरून आलं किती.

काम मात्र तारांचं.
साठ भोकांचा कनेक्टर मांडीवर उलटा.
नऊ आणि पन्नास, दोन्ही घरं
कारखान्यातून निघाल्यापासून रिकामी,
कुणीतरी येईल म्हणून सोडलेली.
पूर्वी आठ इंजेक्टर दोन तारांवर,
चौघांचा एकच हुकूम, एकदम उडायचे.
आता प्रत्येकाला आपली तार, आपली पाळी.
मी सोलते, वळवते, डाग देते.
काकांचा टॉर्च थरथरतो. थंडीनं, म्हणतात.

घरात आई अजून चौघांचे पिरोही लाटते.
बाबा गेल्याला नऊ वर्षं, ओरेस्टला सहा.
उरलेले डब्यात, डबा फ्रीजरमध्ये,
फ्रीजरचं झाकण बसत नाही.
मी काही बोलत नाही.
तिचाही तक्ता आहे.

पहिल्या सेल्फला काहीच नाही.
दुसऱ्याला खोकला, एक्झॉस्टमधून आगीची जीभ,
काकांची टोपी उडाली.
पाच आणि तीन, मी तारांची अदलाबदल केली होती.
म्हणजे पाळी चुकवली होती.
पुन्हा कनेक्टर, पुन्हा मांडी, पुन्हा बोटं सुन्न.

जुना सेन्सर काढला नाही.
त्याची रबरी नळी सोडवली, इंजिनाकडचं भोक बुचानं बंद केलं.
आता त्यानं आतलं काही ओळखायचं नाही,
फक्त बाहेरचा दाब सांगायचा,
आभाळ किती जड आहे तेवढं.
निवृत्त माणसाला हे काम वाईट नाही,
काका म्हणाले.

रात्री साडेनऊला तो लागला.
सातशे फेरे. सातशे. सातशे.
मी बोनेटवर हात ठेवून उभी,
काहीतरी बिघडेल याची वाट बघत.
आई दारात आली, शाल डोक्यावरून,
म्हणाली, बंद केलास का?
नाही गं, चालू आहे.

सकाळी एलेव्हेटरच्या काट्यावर नेला.
लेलंडनं खिडकी सरकवली. काय आणलंस?
काही नाही.
रिकामा?
रिकामा. तरी कर वजन.
त्यानं मान हलवली, आकडा चिठ्ठीवर लिहिला.
इंजिन चालू होतं. काटा हलला नाही.