सतरा जोड्या

ग्रिम्सबीत पहाटे पाचला
मासळीच्या कारखान्यात दिवे लागतात
आणि आम्ही सतरा जण रबरी हातमोज्यांखाली
कालचेच ओले सुती मोजे चढवतो.

हेड ऑफिसचा फॉर्म आलाय :
कामगारांचं मनोबल, एक ते दहा.
मागच्या खेपेला मी तीन लिहिले
तर भिंतीवर पोस्टर आलं, ‘आपण एक कुटुंब’,
आणि शुक्रवारी पिझ्झा, तोही गार.
डोरीननं कडा सीगलना घातल्या.

मी मुकादम. यंदा आधी विचारलं,
नेमकं दुखतंय काय?
कुणी मान वर केली नाही. हॅडॉकचे काटे निघत राहिले.

सुट्टीत विटौतास,
दोन वर्षांत माझ्याशी ‘हो’ आणि ‘उद्या’
एवढंच बोललेला,
म्हणाला, मोजे. वाळत नाहीत.

एवढंच?
एवढंच. अकरा हिवाळे.

पाच पौंडांत दोरी आणली, चिमटे आणले,
बॉयलरच्या पाइपाला धरून बांधली.
डोरीननं चिमट्याचिमट्यावर नावं घातली;
मृण्मयीचं तिनं ‘मॅरून’ केलं. असू दे.

दुसऱ्या दिवशी कुणी आभार मानले नाहीत.
फक्त मोज्यात हात घातल्यावर
सगळेच जरा वेळ थांबले,
फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीवर
हात ठेवून थांबावं तसे.
मग कुणीतरी शीळ घातली, बेसूर.

फॉर्म भरलाय.
आकड्याच्या चौकटीत : सतरा जोड्या, कोरड्या.
पगाराचं मागच्या बाजूला लिहिलंय.
कृपया पान उलटा.