पासंग

मंगळवारी दुपारी, लिफ्ट बंद असताना,
ती मुलगी चुनाभट्टीचे आमचे चार मजले चढून आली,
पाणी प्याली आणि म्हणाली,
आजोबा, तुमच्या सुखाचं माप घ्यायचंय.

म्हटलं, बस.
छत्तीस वर्षं मीही हेच केलं,
वजनमापे खात्यात.
मशीद बंदर, भायखळा, भाऊचा धक्का.
तागडी नुसती उचलून सांगायचो
कुठल्या पारड्याखाली चिंच चिकटवलीय.

तिने शिडीचं चित्र पुढे केलं. दहा पायऱ्या.
वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट.
तुम्ही कुठे उभे आहात?

मी विचारलं, ही शिडी कुणी पडताळली?
शिक्का कुठाय, कुठल्या तिमाहीचं अक्षर?
आणि ते प्रमाण सुख कुठल्या कपाटात ठेवलंय,
ज्याच्याशी माझं ताडून बघणार?
ती हसली. पण लिहिलं नाही.

गेल्या चार आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेकदा, नेहमी.
शालनला जाऊन सहा वर्षं झाली.
चार आठवड्यांत ती बसेना.
कधीकधी, म्हटलं.

मग घरच्यांबद्दलचा प्रश्न आला,
आणि आत सुनेने मिक्सर थांबवला.
मी आवाज जरा चढवून म्हणालो,
नऊ.
ज्यासाठी जन्मभर लोकांच्या पावत्या फाडल्या
तेच केलं.
चिंच लावली.

खोटं नव्हतं तसं. सात तरी होतंच.
पण तागडी आधी रिकामी धरायची असते,
दांडी कुठे झुकते ते बघायचं, मग तोलायचं.
माझी रिकामी शेवटची कधी होती?

धक्क्यावर गोमती नाखवीण म्हणायची,
सायेब, आमी किलोवर नाय इकत.
वाटा लावतो. बगायचा नि घ्यायचा.
पुस्तकात तिच्यासाठी कलम होतं.
मी ते पान उघडलं नाही.

आज लावायचाच तर माझा वाटा एवढा:
सकाळी इडलीवाल्याचा भोंगा,
चहात फुटून तळाला गेलेली खारी,
चारनंतर खाडीकडून येणारा वारा,
दाराआड अजून टांगलेली तिची नायलॉनची पिशवी,
आणि नातवाने फोनवरून विचारलेलं,
आजोबा, एक छटाक म्हणजे किती?

यातलं उदास कुठलं नि बरं कुठलं,
निवडत बसलो तर वाटा मोडतो.

आणखी काही सांगायचंय? तिने विचारलं.
फॉर्मवर त्याला एकच ओळ होती.
नाही, म्हटलं.

निघताना तिची बॅग मीच उचलून दिली.
हात आपोआप थांबला:
साडेचार किलो. वर शंभर-दोनशे ग्रॅम.
अजून तीन इमारती करायच्या होत्या तिला.

जेवतेस का गं वेळेवर?

ती जिन्यात थबकली.
पायऱ्यांकडे बघत म्हणाली,
कधीकधी.