आठ

मारेगावच्या अलीकडे, जिथं डांबर जरा खचलंय,
तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर सात दिवस.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
रस्त्यापलीकडे वैशाली कोटनाके जाणारी मोजते,
मी येणारी.

साहेबांच्या तक्त्यात प्रत्येकाचा भाव ठरलेला.
कार म्हणजे एक.
मोटारसायकल अर्धी,
मग तिच्यावर चौघं असोत, दुधाच्या कॅनी असोत
की मांडीवर बकरी घेतलेली बाई.
वणीहून कोळसा सांडत येणारा ट्रक तीन.
ट्रॅक्टर ट्रॉलीसकट साडेचार.
आणि बैलबंडी
आठ.

झिंगरू मडावींनी कापसाची बंडी थांबवली.
"कायचं मोजून रायला बावा?"
सांगितलं.
"मंग त्या ट्रकाहून मी मोठा?"
मोठे नाही बाबा, हळू.
जो हळू, तो मागच्यांची वाट खातो, म्हणून...
तोवर बैल पुढं गेले होते.
दुसऱ्या दिवसापासून लांबूनच हाळी :
"लिही गा, आठ आले!"
परतताना ते पांदणीनं जात. त्याची नोंद नाही.

रात्री एकच दिवा येताना दिसतो.
अर्धा आहे,
की एक डोळा फुटलेला तीन?
जवळ येईस्तोवर पेन हवेत.
पलीकडून वैशाली टॉर्च दोनदा लावते : जागा आहेस ना?
मी दोनदा लावतो.
ह्याला रकाना नाही.
सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बायांनाही नाही,
पायी चालणारे सोडून द्या, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
एकदा शेळ्यांनी अख्खा रस्ता अकरा मिनिटं अडवला.
मी 'इतर'मध्ये एक रेघ मारली
आणि ती बरोबर की चूक, कुणीच विचारलं नाही.

सातव्या दिवशी झिंगरूबाबा नातवाच्या मोटारसायकलवर, मागे.
पवळ्याचा खूर दुखावलेला.
"आज अर्धाच हावो गा!"
अर्धा, तोही नातवासकट.

संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर साहेबांनी बेरीज केली.
क्षमता ओलांडली, म्हणाले, अगदी थोडक्यात,
आठवड्याला अठ्ठेचाळीसनं.
आता चौपदरी होईल. मध्ये दुभाजक, कडेला कठडे,
बंड्यांना बंदी.

आठ सक अठ्ठेचाळीस.
हा पाढा मी कधी चुकलो नाही.

जीप गेली.
वैशाली खुर्ची डोक्यावर घेऊन
रस्ता ओलांडायला उभी.
बराच वेळ.