तूट

बीएस्सीचं गुणपत्रक मी प्राणिशास्त्राच्या जर्नलात ठेवलंय,
बेडकाच्या पचनसंस्थेच्या आकृतीपाशी.
अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा.
फोंड्याच्या बाजारात आमचं सोनाराचं दुकान.
तिथं पूर्णांकानंतरचंही मोजतात,
म्हणून तो सहा मला कधी विसरता आला नाही.

कारण सगळे विचारतात.
घरात कुणी आजारी नव्हतं, फी थकली नव्हती,
प्रेमभंगसुद्धा नाही, सांगण्यासारखा.
मी नुसती झोपायचे.
दुसऱ्या वर्षी तर सकाळचा तास म्हणजे
कदंबच्या खिडकीला टेकलेलं डोकं,
कॉलेजचा थांबा मागं पडू द्यायचा,
पुढं उतरून चालत यायचं, हळूहळू,
तास संपेल अशा बेतानं.

बाबा म्हणाले नाहीत की सोनं आगीतच उजळतं.
ज्यांनी कधी मूस हाताळली नाही ते म्हणतात तसं.
बाबांना ठाऊक आहे,
आगीतून निघालेलं वजनाला कमी भरतं,
त्याला धंद्यात तूट म्हणतात,
आणि ती गिऱ्हाइकाला आधी सांगायची असते.

मीही आधीच सांगून टाकलं, डॉक्टर क्वाद्रुशना,
सरकारी इस्पितळाच्या रक्त घेण्याच्या खोलीत,
जिथं डीएमएलटी करून मी चिकटले होते
आणि सव्विसाव्या वर्षी पुन्हा डॉक्टर व्हायचं मनात आलं होतं.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
‘आकडा खोडता येत नाही, निमिषा.
शेजारी काय लिहितेस ते बघ.’
मग दारातून वळून:
‘आणि फिजिक्सला घाबरणं बंद कर.’

क्लासात पहिल्या दिवशी
मी दारात येताच सतरा वर्षांची पोरं उभी राहिली.
बाई समजून.
बसा, म्हटलं,
आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

पहाटे भिंगं, कप्प्या, घर्षण.
सातपासून दंड, रबरी पट्टा, कापूस.
पहिल्या वर्षी दोनशे एक्याण्णव.
दुसऱ्या वर्षी चारशे सव्वीस.
फिजिक्स अजून घाबरवतं, पण आता नाव माहीत आहे,
नेमकं कशाला घाबरते त्याचं.

एकदा मडकईची एक म्हातारी. शीर सापडेना.
दोनदा टोचलं, दोनदा हुकलं,
कपाळावरचा घाम मी बाहीला पुसला.
म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलावते.
‘टोच गो. हांव खंय पळून वतां?’
डोळे मिटून बोटानं चाचपलं.
कातडीखाली काहीतरी दबून पुन्हा वर आलं.
तिथंच.

तिसऱ्यांदा अर्ज भरला.
बारावी विचारतात, जन्मतारीख, प्रवर्ग, डावा अंगठा.
पदवीला कुठं रकानाच दिसेना.
मला हायसं वाटायला हवं होतं.
मी पडदा वर-खाली सरकवत राहिले,
झोपलेली तीन वर्षं
भरायची तरी कुठं?

मे महिना, मडगावचं केंद्र, दुपारचा एक.
फाटकावरच्या बाईनं नाकाकडं बोट केलं.
मोरणी काढा, धातू चालत नाही.
दहावीला पहिला वर्ग आला तेव्हा बाबांनी घडवलेली,
दोन गुंजा.
फिरकी घट्ट बसलेली, माझी बोटं घामेजलेली,
मागची मुलं कुजबुजायला लागलेली.
बाबा दोरीपलीकडून वाकले,
‘श्वास धर,’ म्हणाले,
आणि एका वेढ्यात काढली.

मग ती तळहातावर घेऊन
सवयीनं हात किंचित वर-खाली केला.
किती भरली, विचारायला वेळ नव्हता.
रांग पुढं सरकली होती.
नाकाच्या उघड्या भोकाला
वारा लागत होता.