शनिवारचे एकशे तीस

होसमनी बाईंनी कागदावर गोल काढला
आणि आत लिहिलं, पंधराशे.
"दिवसाला एवढंच. भाकरी, तेल, साखर, सगळं ह्यातच."
मी विचारलं, "आणि शनिवारी?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
"तेही ह्यातच."

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी.
शाफ्टला दोन शतांश मिलिमीटरची सूट असते,
त्यापुढे गेला की भंगार.
म्हटलं, पोट काय ह्याहून अवघड जॉब आहे?

वही घेतली. शंभर पानी.
जोंधळ्याची भाकरी एक : एकशे चाळीस.
साठ मिली : एकशे तीस.
सोडा : शून्य.
(सोड्याइतका सज्जन मी दुसरा पाहिला नाही.)
शेंगदाणे मूठभर : एकशे सत्तर.
म्हणजे दारूपेक्षा चकणाच चोर.
हे सांगितलं तेव्हा सट्टुप्पानं
वाटी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढली,
"मग हे पाप मी घेतो गा."

शिनोळीला हद्द ओलांडली की एक दर,
अलीकडे दुसरा,
चोर्ला घाट उतरलं की तिसराच.
तिन्हीकडचा माल आम्ही एकदा एका टेबलावर मांडला.
शिक्के वेगळे, टोपणं वेगळी,
वहीत मात्र तिघांपुढे तोच आकडा.
सट्टुप्पा बराच वेळ वहीकडे बघत राहिला.
"एवढ्यासाठी मी तरुणपणी लाठी खाल्ली व्हय?"
असं म्हणून हसला, मग हसला नाही.

हिशेब बसवला.
शनिवारी रात्री दोन भाकऱ्या वजा,
दोन पेग जमा,
वर वीस शिल्लक.
रेणुकाला सांगितलं, माझं नको वाढू.
तिनं तरी थापल्या. सवयीनं.
झाकून ठेवल्या.
तीन शनिवार जॉब मापात उतरला.

चौथ्याला रिकाम्या पोटी दुसरा पेग
भलत्या वेगानं फिरला, चक सैल झाला,
आणि भरमाण्णाच्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल
जे बोलायचं नव्हतं ते मी बोललो, मोठ्यानं.
येताना गाड्यावर उभ्यानं चार अंडी,
दुकान मिटता मिटता पाव किलो कुंदा,
अर्धा रस्त्यातच.
त्या रात्रीचं पान कोरं आहे.

सकाळी डोकं धरून चुलीपाशी गेलो
तर रेणुका पाटावर बसून
माझ्या दोन शिळ्या भाकऱ्या चहात कुस्करून खात होती.
"हे काय करालीस?"
"खावालोय. अन्न टाकवत न्हाई."
"दर रविवारी?"
ती बोलली नाही. हातातली पाटली
वर सरकवायला गेली, सरकली नाही.

एकतीस वर्षं मापं घेतली मी.
जे वजा केलं ते जातं कुठं,
हे लेथवर कधी विचारावं लागलं नव्हतं.
तिथं कीस खाली पडतो,
संध्याकाळी पोऱ्या झाडून नेतो.

आता शनिवारी साठ मिली. एकदाच. पाण्यातून.
आधी एक भाकरी, पालेभाजी, घरी, तिच्यासमोर.
ती पण एकच थापते स्वतःला, मग अर्धी आणखी.
भरमाण्णा अजून बोलत नाही.
सट्टुप्पा म्हणतो, बोलेल, दिवाळीपर्यंत.
त्याचा ग्लास आम्ही तरी मांडतो,
त्यात नुसता सोडा. शून्य.

परवा बसस्टँडवरच्या यंत्रात नाणं टाकलं.
दिवे फिरले, चिठ्ठी पडली :
ब्याऐंशी किलो, चारशे ग्रॅम.
महिन्यात सहाशे ग्रॅम, म्हणजे एका बाटलीएवढं.
मागं कन्नडमध्ये भविष्य.
बोलतो मी, वाचता येत नाही.
खानापूर गाडीच्या कंडक्टरकडे दिली.
त्यानं चष्मा वर करून वाचलं,
"लवकरच प्रवासाचा योग आहे."
आणि हात पुढे केला,
"चला, तिकीट?"