कॅमेऱ्याकडची भिंत

सिनेमातल्या शाळेत घंटा
नेहमी वाक्य संपल्यावर होते.
आमच्याकडे ती कुवेसकर बाईंच्या
"आणि म्हणूनच मुलांनो"वर पडते,
आणि म्हणूनच काय, ते दहावी आली तरी कळलेलं नाही.

सिनेमातल्या दहावीच्या मुलाला
दाढीची हिरवी सावली असते.
तो बाकावर रेलून बसतो, पाय लांब करून.
आमच्या बाकावर तिघं. मधल्याला कोपर हलवायचं तर
दोघांची परवानगी लागते.
शिवाय आमचं दुपार अधिवेशन.
आम्ही येतो तेव्हा बाक सकाळच्या मुलांचे गरम असतात,
कप्प्यात त्यांच्या संत्र्याची सालं.

मी खूप बघितलेत असले सिनेमे,
ताईच्या फोनवर. काच उजवीकडे तडकलेली,
त्यामुळे माझ्या सगळ्या नायिकांच्या
उजव्या गालावर एक रेघ आहे.

परदेशातल्या शाळेत ज्याचं त्याचं लोखंडी कपाट.
दार आपटलं की राग आला हे सगळ्यांना कळतं.
मी कुठलं आपटू?
वर्गाचं दार दगडूमामांनी सुतळीनं बांधलंय.
आपल्याकडच्या सिनेमात नदी, सायकल, चिंचेचं झाड.
कन्नमवारनगरात खाडी आहे,
पण ओहोटीच्या वासात कुणी प्रेमात पडलेलं
मी तरी ऐकलं नाही.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत
शूटिंग खरंच आलं, आमच्याच शाळेत.
त्यांनी भिंत पिवळी रंगवली.
एकच. कॅमेऱ्याकडची.
फळ्यावर सुविचार लिहिला, आमच्याहून चांगल्या अक्षरात.
बाकावर कर्कटकानं बदाम कोरणारा माणूस
चाळिशीचा होता, चष्मा लावून,
शेजारी कटिंग ठेवून, मन लावून कोरत होता.
"जुना दिसू दे," आतून कुणी ओरडलं,
तेव्हा त्यानं बदामात कॉफीची पूड चोळली.

आम्ही गेटबाहेर. मी, विभूती, निमिष घाडी.
वॉकीटॉकीवाला दादा आला, ओठांवर बोट.
"ए बाळांनो, आवाज नको. शाळेचा सीन चालू आहे."

एक मेला निकाल लागला
आणि विभूती दाखला न्यायला आली.
त्यांची बिल्डिंग पाडायला घेतलेली,
मिळणाऱ्या भाड्यात बदलापूरच बसत होतं.
जिन्यात भेटली, गणवेशात नाही, लाल टॉपमध्ये.
मी विचारलं, "चित्रकलेला काय?"
ती म्हणाली, "ब."
मी म्हटलं, "मला पण ब."
खालून तिची आई, "चल गं, झेरॉक्सवाला बंद करेल."
झालं.
मी वरच उभी राहिले, पुढचं वाक्य येईल म्हणून.

सिनेमा आला. त्यातही निरोप त्याच जिन्यात.
ती रडते, तो धावतो, व्हायोलिन धावतं,
आणि आमचा जिना संपतच नाही.
मी मोजलाय. अठरा पायऱ्या आहेत.

मला हसू आलं, मग नाही आलं.
कारण तो वळणावर थांबतो तिथे
खिडकीच्या गजांपलीकडे, खाली, उजव्या कोपऱ्यात,
तडा जिथून फुटतो तिथेच,
गेटवर दोन ठिपके उभे आहेत.
अर्धा सेकंद.
व्हायोलिन चालूच आहे,
पण तेव्हा विभूती काय म्हणत होती ते मला माहितेय.
"भूक लागली यार. ह्यांचे पोहे उरतील का?"

मी तिथेच थांबवून फोटो काढला, पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर आलं,
नव्या शाळेत फोन आईकडे असतो म्हणाली.
"ह्यात मी कुठली?"
"डावीकडची. धूसर."
"आणि तू?"

पिवळी भिंत अजून आहे. मी आता तिच्या बाजूला बसते.
उरलेल्या तिन्ही भिंती आधीच्याच, पोपडे धरलेल्या.
त्या बदामात परवा कुणीतरी
पेननं फळ्यावरचं गणित उतरवून ठेवलंय, अर्धवट.
बहुतेक घंटा झाली असणार.