पंच क्रमांक दोन

फॉरेस्टवाले आले तेव्हा मी घमेल्यातल्या पाण्यात
ट्यूब बुडवून बसलो होतो.
बुडबुडा कुठून येतो
तेवढं पाहायचं, हेच माझं काम.
फाट्यावर दोनच टपऱ्या, एक चहाची, एक माझी,
पलीकडे तूर, आणि तिच्यावर आभाळ.

गार्ड म्हणाला, "गोहणे, एक सही पाह्यजे."
मी हात पँटला पुसले.
कागद कोरा होता.
खाली फक्त: पंच क्र. १, पंच क्र. २.
"वरचं आम्ही लिहून घेऊ. तुले काय करा लागते?"
पहिली सही झालेली, सरपंचाच्या साळ्याची.
तो त्या दिवशी नागपुरात होता,
आईला दवाखान्यात घेऊन.

कशाची, हे मी विचारलं नाही.
माझी टपरी त्यांच्या हद्दीत दीड फूट आत.
ते दीड फूट गार्डला पाठ होते, मलाही.
सही चांगली आली.
खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं,
शाळेत शिकलो तशी.
बोटाचं ग्रीस कोपऱ्यात उमटलं.
मग बुडबुडा सापडला, मी पॅच लावला.

संध्याकाळी कळलं,
पोडावरून जैतू टेकामला नेलं.
सागाचे चार नग म्हणे त्याच्या छपरात,
दोन पंचांसमक्ष.
समक्ष म्हणजे डोळ्यांपुढे, मास्तरांनी सांगितलं होतं.
माझे डोळे तेव्हा घमेल्यात होते.

बायकोनं भाकर थापता थापता विचारलं,
"तुमी पाह्यले काय ते लाकडं?"
"सगळेच करतात सह्या."
"मी सगळ्यायले नाही विचारलं."

फळीवर पोराचा लाकडी बैल होता,
तान्ह्या पोळ्याला जैतूनंच करून दिलेला,
एक शिंग जरा आखूड.
पैसे विचारले तर म्हणाला होता, "राहू दे."
मी त्या बैलाचं तोंड भिंतीकडे केलं.
आता सांगायला लाज वाटते, पण केलं.

सहा वर्षांनी समन्स आलं.
जुना गार्ड बदलून गेलेला,
नव्यालाही दीड फूट पाठ.
"वाचून जा," म्हणाला, "नाहीतर चुकशीन."
कागद आता काठोकाठ भरलेला.
त्यात मी टेकडी चढलो होतो,
छपरात वाकलो होतो, नग मोजले होते,
टेप लावून घेर घेतला होता.
इतकं चोख काम मी जन्मात केलं नव्हतं.

कोर्टात पंखा कुरकुरत होता.
जैतू पिंजऱ्यात.
माझ्याकडे पाहत नव्हता, साहेबांकडेही नाही,
स्वतःच्या हातांकडे पाहत होता,
जसे ते कुणी वापरायला नेले होते
आणि आत्ताच परत आणून दिले.

सही तुमचीच?
माझीच.
मजकूर खरा?

मला वाटलं, कुणीतरी बोलेल.
नेहमी कुणीतरी बोलतं
आणि आपण मान हलवतो.
पाण्यात ट्यूब धरून बसावं तसा मी थांबलो.
खोलीत कुणीतरी म्हणजे
मी एकटाच होतो.

"सही माझी. वरचं माझं नाही.
कागद कोरा होता, साहेब."

साहेबांनी सांगितलं, टायपिस्टनं बडवलं:
साक्षीदार फितूर.
बाहेर लिंबाखाली उभा राहून
मी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.
सहा वर्षं मी तोच होतो,
तेव्हा कागद मला पंच म्हणत होता.

टपरी आता रस्त्याच्या या बाजूला, उन्हात.
गिऱ्हाईक निम्मं.
त्याचं मोठेपण कुणी मला देऊ नये,
सात महिने आत मी नव्हतो बसलो.

परवा जैतू आला, सायकल ढकलत.
"मागच्यात हवा भर."
मी भरली. त्यानं दोन रुपये ठेवले.
राहू दे, म्हणता आलं असतं.
पण ते शब्द त्याचे होते.

मी पैसे घेतले.